फुटबॉल मॅनेजरमधला तिशीपारचा खेळाडू: कधी ठेवायचा, कधी सोडायचा

फुटबॉल मॅनेजर, म्हणजे क्लबचा मॅनेजर होऊन संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘तिशी लागली की विकून टाक.’ फातोर्ड्याला एफसी गोवाच्या मॅचला जाणाऱ्याने तरी तो देऊ नये. स्पॅनिश स्ट्रायकर फेरान कोरोमिनास, आपला कोरो, 2017 मध्ये गोव्यात आला तेव्हा 34 वर्षांचा होता. पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16, आणि दोन्ही वेळा इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. उलट गोव्याच्या 2014 च्या पहिल्याच संघात फ्रान्सचा वर्ल्ड कप विजेता रॉबेर पिरेस आला तो चाळिशीचा, आणि त्याआधी तीन वर्षं क्लबविना. नाव केवढं, पण जुना वेग काही परत आला नाही. म्हणजे वयाचा आकडा बघून काही ठरत नाही. मग काय बघायचं, ते सांगतो. सेव्ह (नवा डाव) सुरू करणं, स्काउट (खेळाडू हेरणारे) नेमणं वगैरे येतं असं धरलंय.

पहिली पायरी. संघाची यादी वयानुसार लावा, 29 च्या वरचे बाजूला काढा. गोलकीपर तूर्त सोडा, ते सगळ्यात उशिरा उतरतात.

दुसरी पायरी: उतार ओळखणं. घाम निघतो तो इथे, आणि चुकीचे सल्लेही सगळ्यात जास्त इथलेच.

खेळाडूची एकूण क्षमता गेम 200 पैकी एका लपवलेल्या आकड्यात धरतो. आपल्याला दिसतात ते 1 ते 20 मधले सुटे गुण. कोणता गुण एकूण आकड्यात किती वजनाचा, हे जागेवर ठरतं. विंगरच्या (कडेने धावणाऱ्याच्या) पेसचं, म्हणजे वेगाचं, वजन स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) पेसपेक्षा जास्त. वय वाढलं की आधी शरीराचे गुण खाली येतात: अ‍ॅक्सिलरेशन, पेस, अ‍ॅजिलिटी, स्टॅमिना. डोक्याचे गुण, म्हणजे अँटिसिपेशन (पुढचं आधी ओळखणं), पोझिशनिंग, डिसिजन्स, तेव्हाही वर सरकत असतात.

गफलत होते ती यातूनच. समजा तुमच्या उजव्या विंगरचा पेस 15 वरून 13 वर आला आणि त्याच काळात अँटिसिपेशन 13 चं 15 झालं. बेरीज जवळपास तीच राहते, कोचच्या रिपोर्टमधले तारेही तेवढेच दिसतात, आणि तुम्ही निर्धास्त. पण लाइनवरून बॅकला मागे टाकणारा तुमचा विंगर तिथे उरलेला नसतो. त्याच्या जागी एक हुशार, संथ माणूस उभा असतो, आणि त्याला तुम्ही अजून धावायचं काम देताय.

तारे बघून निर्णय घेऊ नका, हे तर मी ओरडून सांगेन. तारे तुमच्याच संघाशी तुलना करून दिले जातात. दोन तगडे खेळाडू घेतलेत की म्हाताऱ्याचा एक तारा जातो, त्याचं काहीही बिघडलेलं नसताना. संघ कच्चा असेल तर उतरलेलाही चार ताऱ्यांचा दिसतो. सरासरी रेटिंगचंही तेच: जिंकणाऱ्या संघात सगळ्यांचंच बरं दिसतं.

मग करायचं काय? मोसमाच्या सुरुवातीला गुणांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, सहा महिन्यांनी शेजारी ठेवून बघा. एकच गुण एका अंकाने पडला तर गप्प बसा. गेम आतून बारीक मोजतो आणि आपल्याला पूर्णांक दाखवतो, त्यामुळे केसभर घसरणही 14 ची 13 दिसू शकते. शरीराचे दोन-तीन गुण एकदम पडले आणि मध्ये मोठी दुखापत नव्हती, तर उतार लागला असं समजा. दुखापत असेल तर काही आठवडे द्या. थोडं परत येतं, थोडं कायमचं जातं.

आणि वयाच्याही आधी नॅचरल फिटनेस, म्हणजे शरीर किती टिकतं तो गुण, बघा. तो 15-16 असेल तर 34 व्या वर्षीही मी बिनधास्त करार करतो. 8-9 असेल तर 29 पासूनच गिऱ्हाईक शोधतो. प्रोफेशनलिझम लपलेला असतो, पण स्वभावाच्या जागी ‘मॉडेल प्रोफेशनल’ लिहिलेलं दिसलं तर निम्मी काळजी मिटली. एडिटर (गेमची आतली माहिती दाखवणारं साधन) उघडून लपलेला आकडा बघायचा असेल तर खुशाल बघा, मग गेम कशाला खेळता तेवढं सांगा.

शंका उरलीच तर साठाव्या मिनिटानंतरची मॅच पूर्ण बघा, हायलाइट्स नकोत. आपल्याकडच्या उकाड्यात कंडिशन, म्हणजे अंगातली ताकद, कशी कोसळते ते तिथेच कळतं.

तिसरी पायरी: काम बदला. गावच्या मैदानावरचा चाळिशीतला स्टॉपर आठवा. धावत नाही, पण बॉल पडणार तिथे आधीच उभा. विंगरला आत आणा, पासिंग आणि व्हिजन बरं असेल तर खाली ओढून प्लेमेकर (पासने खेळ रचणारा) करा. नवी जागा अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून पेस पूर्ण जायच्या आधीच हे ट्रेनिंग लावा. साइड बॅकला मध्ये आणण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. त्याचं हेडिंग आणि जंपिंग रीच 10-11 असेल तर तो ऐकू नका, प्रत्येक कॉर्नरला जीव टांगणीला लागेल.

चौथी. ट्रेनिंगची तीव्रता कमी करा, पण बेंचवर कुजवू नका. मॅच शार्पनेस (मॅच खेळत राहिल्याने टिकणारी धार) गेला की नुसती विश्रांती काही कामाची नाही.

पाचवी: करार. एका वर्षाचाच, आणि मुदत वाढवायचा हक्क क्लबकडे. एजंट दोन वर्षांवर अडून बसला तर बोलणी तोडा आणि उरलेल्या करारातच गिऱ्हाईक बघा. 31 नंतर किंमत मोसमागणिक झरझर उतरते, तेव्हा विकायचाच असेल तर गोल करत असताना, जानेवारीच्या विंडोमध्ये (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात) विका. जूनपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा फुकट सोडावा लागतो.