सर्जन किती वयाचा असावा?

पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं आणि हातात दोन नावं आहेत: एक सर्जन पस्तिशीतले, दुसरे साठी ओलांडलेले. वयाकडे किती बघायचं?

थोडंच. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेतल्या वृद्ध रुग्णांच्या तातडीच्या ऑपरेशनांवरचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आतल्या सर्जनांच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ६.६ टक्के होतं, साठीपुढच्यांच्या रुग्णांत ६.३. त्याआधी २००६ च्या अभ्यासात स्वादुपिंड, बायपास अशा काही ऑपरेशनांत साठीपुढच्या सर्जनांकडे मृत्यू जास्त दिसले होते, पण प्रामुख्याने वर्षाकाठी कमी ऑपरेशनं करणाऱ्यांकडेच. हात चालता असला की वय मागे पडतं.

म्हणून पहिला प्रश्न: ‘डॉक्टर, गेल्या बारा महिन्यांत हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती वेळा केलंत?’ ‘आजवर हजारो’ या उत्तरावर थांबू नका. त्यातली निम्मी वीस वर्षांपूर्वीची असू शकतात. पित्ताशय हे नेहमीचं ऑपरेशन आहे. आठवड्याला एखादंही होत नसेल तर दुसरं नाव बघावं, हा आमचा ठोकताळा. खुब्याचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशनासाठी कॅनडातल्या ओंटारिओच्या अभ्यासात एका सर्जनमागे वर्षाला ३५ ही सीमा निघाली. त्याखाली गुंतागुंत वाढते.

दुसरा प्रश्न: ‘दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागलं, असं कितीदा झालं?’ ‘कधीच नाही’ हे उत्तर ऐकून खूश होऊ नका. एक तर सोप्याच केसेस घेतल्या जातात, नाही तर आकडा लपवला जातोय. सूज येऊन सगळं चिकटलेलं असलं की मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली जाऊ शकते, आणि रुग्णाला पुढे वर्षानुवर्षं भोगावं लागतं. जाणता सर्जन पित्ताशयात शिरणारी नळी आणि रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापत नाही. दिसत नसेल तर पोट उघडतो किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर येतो. अनुभव खरा दिसतो तो थांबण्यात.

इथे वयाला थोडी किंमत आहे. भारतात हे ऑपरेशन दुर्बिणीतून सुरू केलं ते डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी, मुंबईत, १९९० मध्ये. आज साठीत असलेले सर्जन पोट उघडून पित्ताशय काढायला शिकले आणि दुर्बीण नंतर हाती घेतली. तरुणांचा हात दुर्बिणीवर सुरुवातीपासून बसलेला, पण उघडं ऑपरेशन अनेकांनी फारसं केलेलं नसतं. त्यामुळे तरुण सर्जनना विचारा, ‘अडचण आली तर मदतीला सीनियर कोण?’ नाव चटकन सांगता आलं तर निर्धास्त राहा. वयस्करांना विचारा, ‘ऑपरेशन पूर्ण तुम्हीच करणार ना?’ नावाजलेल्या ठिकाणी नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, असं होतं. संमतीपत्रात ऑपरेशन करणाऱ्याचं नाव वाचूनच सही करा. शिकाऊ डॉक्टर करणार असतील आणि सीनियर टेबलाशी उभे राहणार असतील, तर त्यात बिघडत नाही.

कागदोपत्री तपासणीला पाच मिनिटं पुरतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाका, एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदवी नोंदलेली आहे का आणि दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण चालू आहे का, ते बघा.

खूप ताप, कावीळ किंवा न थांबणारं दुखणं असेल तर ही चौकशी सोडा. रात्री भूल देणारे डॉक्टर आणि आयसीयू जिथे हजर असतील, ते जवळचं रुग्णालय गाठा.