परदेशी डॉक्टर आणि आपला रुग्ण : टेलिमेडिसिनचं प्लॅनिंग करताना या चुका टाळा

परदेशातलं एखादं विद्यापीठ नाहीतर हॉस्पिटल आपल्या मराठवाड्यातल्या ट्रस्टबरोबर टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला, सुरू करतं, यात आता काही नवल राहिलं नाही. मी या समन्वयाच्या कामात बरीच वर्षं आहे आणि दर नवी टीम जुन्याच टीमच्या चुका पहिल्यापासून करायलीय, हे बघून खरंच जीव कळवळतो. कारण चूक प्लॅनमध्ये होते आणि त्रास होतो तो दोन गाड्या बदलून उपकेंद्रावर आलेल्या बाईला. सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे : प्लॅन दोन टोकांच्या दोन स्क्रीनचा बनतो, पण कॉल कट झाल्यावर इकडं कोण काय करणार, हे कुणी लिहूनच ठेवत नाही.

परदेशी डॉक्टरनं थेट औषध लिहून देणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ट्रस्टवाल्यांना वाटतं की एवढा मोठा स्पेशालिस्ट लाइनवर आहे तर त्यालाच सांगू द्या की गोळी कुठली ती. तसं चालत नाही. २५ मार्च २०२० ला केंद्रानं टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात औषध लिहायचा अधिकार फक्त इथल्या मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव असलेल्या डॉक्टरला आहे, प्रिस्क्रिप्शनवर त्याचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला या सूचना लागूच होत नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बाहेरचा डॉक्टर आपल्या डॉक्टरला मत देऊ शकतो, पण निर्णय आणि सही आपल्या डॉक्टरची. इथं डॉक्टरच नसेल, नुसती सिस्टर नाहीतर सीएचओ (उपकेंद्रावरची कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) लॅपटॉप धरून बसली असेल, तर तो प्लॅन कागदावर कितीही चकाचक दिसू द्या, मी त्याला सेवा म्हणणार नाही.

एका ठिकाणी तर व्हॉट्सअॅप ग्रुपवरच सगळं चालायचं. तिकडून अमेरिकन डॉक्टर औषधाचं नाव टाकायचा, इकडं सिस्टर ते केस पेपरवर उतरवून घ्यायची, एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर, आठवड्यातून एकदा येऊन सगळ्या पेपरवर एकदम सह्या करायचे. एकदा तिकडून आलं अल्ब्युटेरॉल. सिस्टर बिचारी गावातल्या मेडिकलवर विचारत फिरली, तो म्हणे असलं औषध येत नाही, आणि दम्याचा म्हातारा तसाच बसून राहिला. आपल्याकडं सगळे त्याला साल्ब्युटामॉल म्हणतात, कपाटात पडलेलं होतं! पॅरासिटामॉलला तिकडं अॅसिटामिनोफेन म्हणतात, तसलंच हे. एमओ त्या कॉलवर असते तर एका मिनिटाचा प्रश्न होता.

आणि रुग्णाजवळ तिथलाच डॉक्टर हवा, हे काही मी नव्यानं काढलेलं नाही. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात मोठा भूकंप झाला, त्यानंतर १९८९ मध्ये अमेरिकेनं आणि सोव्हिएत युनियननं मिळून उपग्रहावरून डॉक्टरी सल्ल्याचा 'स्पेसब्रिज' चालवला, नासा त्यात होती. तिथंही रुग्णाजवळ तिथलेच डॉक्टर होते, अमेरिकेतले डॉक्टर त्यांच्याशी बोलत होते. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको की आभाळ कोसळतं तेव्हा बाहेरची मदत कितीही मोठी असू द्या, ती हातात घेणारा माणूस जागेवरच लागतो. भारतानं २००९ ला सुरू केलेलं पॅन आफ्रिकन ई-नेटवर्क घ्या, कल्पना कलामसाहेबांची, २००४ सालची. त्यात परदेशी डॉक्टर आपणच होतो आणि पलीकडं आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांतले डॉक्टर. सल्ल्याबरोबर तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवायचं कामही त्यात होतं. प्लॅन लिहिताना त्या टोकाला आपण बसलोय असं धरून वाचा, निम्म्या चुका तिथंच दिसतात.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या मीटिंगला कॅमेरा-इंटरनेटचा विषयच काढू देत नाही. आधी इथला सही करणारा डॉक्टर कोण, तो रजेवर गेला तर कोण, आणि सल्ला पटला नाही तर 'नाही' म्हणायची त्याला मुभा आहे का, एवढं ठरवून घेतो. काही लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू द्या.

कॅलेंडर न बघता फॉलोअप ठरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. बीड जिल्ह्यातल्या एका भागात, गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, युरोपातल्या एका टीमनं बीपी-शुगरच्या पेशंटसाठी प्रोग्रॅम आखला. ऑगस्ट-सप्टेंबरला नोंदणी, गाव भरलेलं, तांडा भरलेला, आशाताईंनी घरोघर फिरून नावं आणली, आकडा असा आला की तिकडचे लोक खूश. फॉलोअप ठेवला डिसेंबर-जानेवारीत. आता बीडचा कुठलाही माणूस सांगंल की दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात, कोयता बांधून जोड्याच्या जोड्या सांगली-कोल्हापूर-कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ते परत येणार होळी-पाडव्याच्या आसपास नाहीतर त्याच्याही नंतर, कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल तसं. मागं राहतात म्हातारे आणि शाळेची लेकरं. झालं तसंच. उपकेंद्रावर सीएचओ मॅडम लॅपटॉप उघडून बसायच्या, पलीकडं तिकडचे डॉक्टर वेळ काढून बसायचे, आणि पेशंटच नाही. फोन लावावा तर नंबर घरातल्या पोराचा, आई कुठल्या फडावर आहे ते त्यालाही नीट माहीत नाही. आणि शेवटी रिपोर्टमध्ये काय आलं, तर रुग्णांनी उपचार अर्ध्यावर सोडले! ती बाई पहाटे उठून मोळ्या उचलत होती, तिची गोळी संपली होती आणि नवी कुठं मिळणार हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. यात तिनं काय सोडलं?

त्याच प्रोग्रॅमला घड्याळाचाही घोळ होता. तिकडचे सकाळी नऊ अशी वेळ ठरली. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं. जर्मनी धरा, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे साडेबाराचा कॉल एका रात्रीत दीडला गेला आणि एकची एसटी तर निघून गेली. जे काही म्हातारे पेशंट गावात होते तेही त्या एका तासापायी यायचे बंद झाले.

म्हणून मी करारावर सह्या व्हायच्या आधी आशाताई, सीएचओ आणि गावातली दोन जाणती माणसं यांना घेऊन बसतो, बारा महिन्यांचा एक मोठा कागद. पेरणी कधी, कापूस वेचणी कधी, पोळा, गौरी-गणपती, रमजान, ऊसतोडीला जाणं-येणं, एसटीची वेळ, सगळं त्याच्यावर. शेजारी त्यांचं कॅलेंडर, ख्रिसमसची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, घड्याळ बदलायचा दिवस. मग वेळ लिहायची ती भारतीय वेळेत, घड्याळ बदलेल तसं त्यांनी सरकायचं. तोडीला जाणाऱ्या प्रत्येकाजवळ मराठीत लिहिलेलं कार्ड, त्यावर औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव, डोस, शेवटचं बीपी आणि आभा नंबर (सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक). आणि जायच्या आधी जेवढ्या दिवसांच्या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात तेवढ्या सोबत. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवख्या पोरांना ते नको असतं, त्यांना पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलचा फोटो हवा असतो. मला त्यांच्या उत्साहाबद्दल काही म्हणायचं नाही पण फोटो नंतरही काढता येतो.

बाकीच्या, थोडक्यात

युनिट. तिकडं शुगर बऱ्याच देशांत मिलिमोलमध्ये, आपली मिलिग्रॅममध्ये. त्यांचं ७ म्हणजे आपलं १२६, अठरानं गुणायचं. क्रिएटिनिनचंही युनिट वेगळं असतं, पण तिथं अठरा चालत नाही. आकडा कधीच एकटा पाठवू नका, सोबत युनिट लिहा.

तारीख. अमेरिकन माणूस ०३/०४ म्हणजे ४ मार्च समजतो. महिना अक्षरात लिहा, विषय संपला.

प्रत्येक गोष्टीला लाइव्ह व्हिडिओचा हट्ट. कातडीचा आजार, एक्स-रे, ईसीजी यांचा चांगला फोटो आणि नीट लिहिलेली हिस्ट्री पाठवा, डॉक्टर सवडीनं बघून उत्तर देईल. डीपी जळाली की आठ-आठ दिवस लाइट नसलेल्या गावात हेच टिकतं.

आणखी एक वेगळं अॅप. सीएचओकडं सरकारचं टेलिमेडिसिनचं ई-संजीवनी आधीच आहे, त्यावर दुसरं अॅप, तिसरं रजिस्टर, मग एकच पेशंट तीन ठिकाणी लिहायचा. त्या बाईनं पेशंट कधी बघायचा?

भेट आलेली मशीन. ११० व्होल्टची आहे का, आणि तिच्या स्ट्रिप्स लातूरला नाहीतर संभाजीनगरला मिळतात का, हे दोनच प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर नम्रपणे नको म्हणा.

पैसा. परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची सरकारी परवानगी, लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेनं घेऊन दुसरीला देता येत नाही, प्रशासकीय खर्चालाही २० टक्क्यांची मर्यादा आहे. मोठी संस्था पैसे घेईल आणि गावातल्या छोट्या संस्थेला वाटेल, असा प्लॅन आजही लोक घेऊन येतात. सीएला आधी भेटा, एमओयू (करार) नंतर.

आणि एक चूक जी मुद्दाम होते असं मला वाटतं : इकडं गावात सांगायचं 'सेवा' आणि तिकडं त्याच आकड्यांवर पेपर लिहायचा. संशोधन असेल तर एथिक्स कमिटी लागते, परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, तिचं काम आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बघतं. पेशंटलाही तिच्या भाषेत सांगावं लागतं, तांड्यावर गोरमाटीत (बंजारा बोलीत), देगलूरकडं तेलुगूतही, की तुमची माहिती देशाबाहेर जाणार आहे. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नसतं. जिथं हे उडवाउडवीनं होतं तिथं मी काम करत नाही.

प्रोजेक्ट संपायची तारीख सगळ्यांना माहीत असते पण त्या दिवशी पेशंट कुठं जाणार ते लिहिलेलं नसतं. करार संपायच्या निदान सहा महिने आधी पेशंटची यादी पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओकडं द्या, चालू औषधं सरकारी पुरवठ्यात आहेत का बघा, नसतील तर जी आहेत त्यांच्यावर पेशंटला आणता येतं का ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकदा बसून ठरवू द्या. आणि कॉल बंद होणार हे पेशंटला आशाताईंच्या तोंडून आधीच कळू द्या, उपकेंद्राच्या दारावरचं कुलूप बघून नको.