गळ टाकून बसू नका : नागपूरकरांसाठी बास्पाकाठचा तंबू आणि ट्राउट

कन्हानच्या डोहावर कणकेची गोळी लावून गळ टाकला की पुढचं काम माशाचं. रोहू यायचा तेव्हा येतो, आपण सावलीत बसतो. ट्राउटचं तसं नाही. तो थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो आणि वाहत आलेलं खाणं टिपतो. त्याची जागा आपल्याला शोधत जावी लागते. विदर्भातून पहिल्यांदा ट्राउटसाठी गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो तो बहुधा एकाच जागी तीन तास बसल्यामुळे.

इथे घेतलेली नदी किन्नौरमधली बास्पा. ती करछमला सतलजला मिळते. खोऱ्यात सांगला साधारण २,७०० मीटरवर, त्याच्या वर बटसेरी आणि रकछम, आणि शेवटी चितकुल ३,४५० मीटरवर. खाली देवदार, वर भूर्ज, त्याच्याही वर उघडे कोरडे डोंगर. सतलजच्या कडेने आणखी वर गेलं की स्पीतीचं शीत वाळवंट सुरू होतं, त्याच्या उंबरठ्यावरचं हे खोरं. इथला ब्राउन ट्राउट मूळचा हिमालयातला नव्हे. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये आणला, १९०९ च्या सुमारास कुल्लूत, आणि तिथून हिमाचलच्या इतर नद्यांमध्ये पसरवला.

कधी जायचं

हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, कारण त्या काळात मादी नदीतळाच्या खड्यांत खळगा करून अंडी घालते. उरलेल्या महिन्यांतले दोनच काळ खरे कामाचे. एक एप्रिल ते मेचा मध्य, बर्फ जोरात वितळायला लागण्याआधी. दुसरा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, पाणी निवळल्यावर. दुसरा काळ जास्त चांगला, पण शाळेच्या सुट्ट्यांमुळे बहुतेक नागपूरकर मेमध्येच जातात. तसं असेल तर मासेमारी पहाटे उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंतच धरा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर पाणी वाढतं आणि दुधाळ होतं. गढूळ पाण्यात ट्राउटला आमिष दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. २५ जुलै २०२१ रोजी बटसेरीजवळ डोंगरावरून सुटलेल्या दगडांखाली ९ पर्यटक गेले आणि नदीवरचा पूल तुटला. त्या खोऱ्यातला उतार पावसाळ्यात किती सैल होतो, हे त्यावरून समजावं.

परवाना हिमाचलच्या मत्स्यविभागाकडून घ्यायचा. सांगल्यात खात्याचं ट्राउट केंद्र आहे, तिथे कोणता पट्टा खुला आहे हे विचारूनच पाण्याकडे वळा. दिवसाला किती मासे आणि किमान किती लांबीचा मासा ठेवता येतो, हे परवान्याच्या अटींत वाचून घ्या आणि रॉडच्या मुठीवर तेवढ्या लांबीची चिकटपट्टीची खूण करून ठेवा. मासा हातात तडफडत असताना टेप शोधायला वेळ नसतो. वरच्या भागात रकछम-चितकुल अभयारण्याची हद्द आहे. मासेमारीचा परवाना म्हणजे तंबू ठोकायची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडे वेगळी विचारावी लागते. आधारकार्ड खिशात असू द्या, चितकुलकडे तपासणी होते.

कुप्पा इथे बास्पावर जलविद्युत प्रकल्पाचा बंधारा आहे. त्याच्या खाली उतरू नका. पाणी बोगद्यात वळवल्याने तिथलं पात्र बरेचदा उथळ, निरुपद्रवी दिसतं. वरून पाणी सोडलं की काठावर चढायला वेळ मिळत नाही.

नागपुरातच करायची तयारी

शिकण्यासाठी फ्लायपेक्षा (पिसं-धाग्याचा खोटा किडा) स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं खोटं आमिष) सोपा. साडेसहा फुटी हलका रॉड, २००० आकाराचं रीळ, ०.२० ते ०.२२ मिलिमीटरची मोनो (एकेरी नायलॉन धाग्याची) लाइन, म्हणजे साधारण ३ किलो ताणाची, आणि ३ ते ७ ग्रॅमचे चांदी-सोनेरी स्पिनर आठ-दहा. तलावावर वापरायची जाड लाइन इथे चालत नाही. स्वच्छ पाण्यात ती दिसते, आणि ५ ग्रॅमचा स्पिनर तिच्या वजनामुळे लांब जातच नाही. स्पिनरचा तीन टोकांचा गळ काढून एकेरी लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडताना जबडा फाटत नाही, आणि आपल्या बोटात गळ घुसला तर सहज निघतो. सर्वात जवळचं मोठं रुग्णालय तासन्‌तास दूर असताना ही गोष्ट फार महत्त्वाची.

लाइन भरताना रिळाच्या कडेपासून २ मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरली की फेकताना एकदम चार-पाच वेढे सुटून गुंता होतो. फार कमी भरली तर कडेला घासून फेक आखूड पडते. स्पिनर पाण्यात गरगर फिरतो आणि लाइनला पीळ देतो, म्हणून त्याच्या दीड-दोन फूट वर छोटं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, बांधा. फेकल्यावर रिळावरची लाइन अडवणारी धातूची तार हँडल फिरवून न लावता हाताने लावा. निम्मे गुंते तेवढ्यानेच टळतात.

गाठ अशी : लाइन कडीतून ओवून स्वतःभोवती पाच वेढे द्या, टोक कडीजवळच्या पहिल्या फटीतून काढा, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून परत आणा. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं गाठीतच कमजोर होतं. मोठा मासा लाइन तोडून गेला असं वाटतं तेव्हा टोक बघा. ते कुरळं, वळलेलं असेल तर लाइन तुटलेली नाही, गाठ सुटली आहे.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना किती ताणावर रिळातून लाइन सुटते ते, हाताच्या अंदाजाने ठेवू नका. बॅगा मोजायचा हुकाचा काटा लाइनला अडकवून सरळ ओढा. ३ किलोच्या लाइनला ७००-८०० ग्रॅमवर रीळ सुटायला हवं.

फेकायचा सराव मोकळ्या मैदानावर, सकाळी सहाला. १०, १५ आणि २० मीटरवर सायकलचे जुने टायर ठेवा, गळ काढलेलं ५ ग्रॅमचं वजन बांधा आणि रोज चाळीस फेका. १० मीटरच्या टायरमध्ये दहापैकी सात पडायला लागले की तयार झालात. लांब फेकीचा मोह सोडा. बास्पावरची बहुतेक मासळी १२ मीटरच्या आतच मिळते. फ्लाय शिकायची असेल तर ९ फुटी ५ नंबरचा रॉड, तरंगती लाइन, तिच्या टोकाला ९ फुटी ४एक्स लीडर (बारीक, पारदर्शक लाइन) आणि १२ ते १६ नंबरच्या निंफ (पाण्यातल्या अळीसारख्या बुडणाऱ्या फ्लाय). सरावाला फ्लायच्या जागी लोकरीचा रंगीत धागा बांधा. मागच्या फेकीत लाइन पूर्ण सरळ होण्याआधीच हात पुढे आणला की चाबकासारखा फट्कन आवाज येतो. नदीवर तोच आवाज म्हणजे फ्लाय तुटून गेली.

पाणी वाचणं

काठावर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही फेकू नका. ट्राउटला सारखं पोहणं परवडत नाही. त्याला हवा असतो मंद पाण्याचा कोपरा आणि अगदी शेजारी वेगवान पाण्याचा पट्टा : थांबायला एक, खाणं आणायला दुसरा. मोठ्या दगडाच्या मागची शांत जागा सगळ्यांना दिसते. दगडाच्या पुढेही पाण्याची छोटी उशी तयार होते आणि तिथेही मासा असतो, हे नवख्याला सुचत नाही. दोन धारा एकत्र येतात ती रेघ, खोल डोहाचं तोंड, काठाखाली पोखरलेली जागा, पाण्यावर झुकलेलं झुडूप, सगळं तपासा. पोलराइज्ड चष्मा घाला. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो.

मासा वरच्या दिशेला तोंड करून असतो, म्हणून खालून वर चालत या. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं वाका. स्पिनर वरच्या बाजूला तिरका टाका आणि प्रवाहापेक्षा जेमतेम जास्त वेगाने गुंडाळा. पातं फिरत असल्याची थरथर रॉडच्या टोकाला जाणवली पाहिजे. जाणवत नसेल तर वेग कमी आहे किंवा पात्यात शेवाळ अडकलं आहे. एका जागेवर पाच-सहा फेकी, मग चार पावलं पुढे. गळ तळाला अडकला तर रॉड वाकवून झटके देऊ नका, टोक मोडतं. खालच्या बाजूने फेकताना अडकला असेल तर वरच्या बाजूला जाऊन ओढा, बहुधा सुटतो.

गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नका. पाणी हाडं गोठवणारं असतं, काही मिनिटांत पायांची जाणीव जाते आणि दगड गुळगुळीत असतात. हातात काठी, तोंड वरच्या दिशेला, एका वेळी एकच पाय. पाठीवर पिशवी असेल तर कमरेचा पट्टा उघडा ठेवा. उतरण्याआधी पाण्याच्या रेषेवर एक दगड उभा करा. तो बुडाला की बाहेर यायचं, चर्चा नाही. विजा चमकू लागल्या तर कार्बनचा रॉड खाली ठेवून दूर जा.

सोडायचा मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला बुरशी लागते. त्याला वाळूवर, खडकावर ठेवणं म्हणजे सोडूनही मारणं. फोर्सेपने (लांब चिमट्याने) गळ उलटा फिरवून काढा, पोटाखाली हलका आधार देऊन तोंड प्रवाहाकडे धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा. फोटो हवाच असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा आणि एक श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ मासा वर काढा.

तंबू, थंडी, चूल

नागपूर ३१० मीटरवर, मेमध्ये ४५ अंशांवर. तिथून थेट रकछमला जाऊन झोपलात तर डोकं ठणकणारच. एक रात्र शिमल्याला, दोन सांगल्याला, मग वर. डोकेदुखीसोबत मळमळ, चालताना झोक जाणं असं काही झालं तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. दारू वर्ज्य.

जागा निवडताना आधी वर बघा, मग खाली. वरच्या उतारावर ताजे, फिक्या रंगाचे, शेवाळ नसलेले दगड पसरलेले असतील तर ती दरड चालू आहे. खाली झुडपांत अडकलेला काडीकचरा पुराची रेषा सांगतो, तंबू त्याच्या बराच वर हवा. नदीच्या गोट्यांत खुंट्या धरत नाहीत. दोरीचं टोक काठीला बांधून काठीवर डोक्याएवढे दगड रचा. दुपारी वारा खोऱ्यातून वर चढतो, रात्री थंड हवा खाली घसरते. दार वरच्या दिशेला ठेवलंत तर रात्रभर कुडकुडाल.

मेमध्येही रात्री पारा शून्याजवळ येऊ शकतो. नागपूरच्या डिसेंबरचा स्वेटर इथे पुरत नाही. उणे ५ अंशांना आरामदायी असलेली स्लीपिंग बॅग घ्या, पण त्याहून आधी चांगल्या मॅटवर पैसे खर्च करा. अंगाखाली दबलेली बॅग ऊब देत नाही, थंडी जमिनीतून येते. जीन्स घरी ठेवा, भिजली की दोन दिवस वाळत नाही.

गॅसचे डबे रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, ते दिल्ली किंवा शिमल्यात घ्या. नुसत्या ब्युटेनचा डबा नको, शून्याजवळ तो गॅस सोडत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला घ्या आणि रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. ३,००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ तासभर शिजवूनही दाताखाली येते. तीन लिटरचा छोटा कुकर न्या, नाहीतर मूगडाळ, बेसन, पोहे यांवर भागवा. झुणका इथे दहा मिनिटांत होतो आणि गॅस वाचवतो.

ठेवलेला ट्राउट लगेच साफ करा, पोटातली घाण तासाभरात मांसाला वास देते. कण्याखालची काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा, कडवटपणा तिथेच असतो. खवले बारीक असतात, काढायची गरज नाही. हळद, मीठ, लिंबू, तव्यावर एका बाजूने चार मिनिटं. सावजी मसाला कोंबडीसाठी ठेवा, या माशाची नाजूक चव त्याच्याखाली गाडली जाते. आतडी नदीत फेकू नका आणि तंबूजवळही नको. खोऱ्यात अस्वलं आहेत. खाणं, मसाला, टूथपेस्टसुद्धा तंबूपासून शंभर पावलं दूर झाडाला टांगा. शौचाचा खड्डा पाण्यापासून ६० मीटर दूर, वीतभर खोल, आणि कागद परत पिशवीत.

परतल्यावर तंबू गच्चीवर वाळत घालू नका. नागपूरच्या उन्हात कापड आणि त्यावरचा जलरोधक थर खराब होतो. खोलीत पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवा. रीळही गाडीच्या डिकीत विसरू नका. तापलेली मोनो लाइन वरून ठीक दिसते आणि पुढच्या मोसमात पहिल्या चांगल्या माशाला तुटते. दरवर्षी नवी भरा.