घरच्या कॉम्प्युटरवरचा शेअर्ड ड्राइव्ह बाहेरून उघडत नसेल तर

आमचं डीटीपीचं सगळं काम एकाच डेस्कटॉपच्या डी ड्राइव्हवर असतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, फॉन्ट, सगळं तिथंच. डेस्कटॉप वाईला मागच्या खोलीत, माझा लॅपटॉप बैठकीच्या खोलीत आणि भाचा चिंचवडला. ‘मावशी, डी ड्राइव्ह लागत नाहीये’ असा त्याचा फोन आला की मी आधी एवढंच विचारते, ‘दिसतच नाहीये, की दिसतोय आणि उघडत नाहीये?’

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ किंवा ०एक्स८००७००३५ असा एरर येत असेल तर तुम्ही डेस्कटॉपपर्यंत पोचलेलाच नाही. पासवर्ड मागत असेल किंवा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणत असेल तर पोचलात, अडलंय ते परवानगीवर. हे नक्की झाल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका. घाईत चार ठिकाणी टिकमार्क केले की ड्राइव्ह कशामुळे सुरू झाला तेही कळत नाही आणि नको ते उघडं राहून जातं.

आधी घरातल्या घरात

घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर ड्राइव्ह उघडत नसेल तर चिंचवडहून उघडणार नाही. म्हणून सुरुवात घरातूनच.

डेस्कटॉप चालू आहे का, झोपलाय का, हे कुणाला तरी प्रत्यक्ष बघायला सांगा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करून ठेवा. मॉनिटर बंद झाला तरी चालतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते, तेव्हा बायोसमधली (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमधली) ‘लाइट परत आल्यावर काय करायचं’ ही सेटिंगही ‘पॉवर ऑन’ करून घ्या. नाहीतर लाइट येते, राउटर सुरू होतो, डेस्कटॉप मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहतो.

लाइट गेल्यावरची दुसरी भानगड म्हणजे पत्ता बदलणं. राउटर पुन्हा सुरू झाला की डेस्कटॉपला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, देऊ शकतो. काल १९२.१६८.१.२० असेल, आज १९२.१६८.१.२४. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ची ओळ वाचा. मग राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (राउटर पत्ते वाटतो त्या सेटिंगमध्ये) तो पत्ता डेस्कटॉपच्या नावे राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी त्यानेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

आता लॅपटॉपवर एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन हा आकड्यांचा पत्ता टाका. पत्त्याने उघडतोय आणि कॉम्प्युटरच्या नावाने उघडत नाही, असं असेल तर शेअरिंग ठीक आहे, फक्त नाव शोधण्यात अडचण आहे. डेस्कटॉपवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस चालू आहे का बघा. मी तर त्या फंदातही पडत नाही. मॅप केलेला, म्हणजे लॅपटॉपवर कायमचा जोडून ठेवलेला, ड्राइव्ह सरळ पत्त्यानेच जोडते.

पत्त्यानेही उघडत नसेल तर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड डेस्कटॉपचा पत्ता आणि पोर्ट ४४५ देऊन चालवा. विंडोजचं फाइल शेअरिंग याच पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या याच दारातून, चालतं. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर वाट मोकळी आहे. ‘फॉल्स’ आलं तर डेस्कटॉपवर नेटवर्कचा प्रकार बघा. विंडोज नव्या वायफायला बहुधा ‘पब्लिक’ ठरवतं आणि तिथे शेअरिंग बंद असतं. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला परवानगी आहे ना ते बघा. लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर असेल तर डेस्कटॉप सहसा दिसणारच नाही. गेस्ट वायफाय असतंच त्यासाठी.

पासवर्ड घेत नाही

इथे बहुतेकांचा घोळ पिनमुळे होतो. डेस्कटॉपवर रोज चार आकडी पिन टाकून आत जाता, तो पिन नेटवर्कवर चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेलं खातंही नेटवर्कवरून आत घेतलं जात नाही. माझा मार्ग सोपा आहे: डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक साधा लोकल यूजर, त्याला चांगला लांब पासवर्ड. मग फोल्डरच्या ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही टॅबमध्ये त्याला परवानगी द्यायची. एकीकडे दिली आणि दुसरीकडे राहिली तर जी कडक तीच लागू होते.

जुना पासवर्ड लॅपटॉपने लक्षात ठेवला असेल तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो पुसा. १२१९ नंबरचा एरर आला तर त्याच डेस्कटॉपला दुसऱ्या नावाने आधीच जोडणी झालेली आहे. नेट यूज या कमांडने ती बघा, तोडा आणि नव्याने जोडा.

जुना नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) किंवा राउटरला लावलेली यूएसबी डिस्क विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर उघडेनाशी झाली असेल, तर कारण तिथे शोधू नका, नव्या नियमांत आहे. प्रो आवृत्तीत आता बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश चालत नाही आणि एसएमबी (विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत) साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालंय. त्या उपकरणाचं फर्मवेअर अपडेट करा, यूजर आणि पासवर्ड लावा. ‘एसएमबी१ (याच पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करा’ हा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो एसएमबी१ मधल्याच भोकातून.

आता बाहेरून

सगळ्यात आधी कळकळीचं सांगणं: राउटरवर ४४५ पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे ते दार इंटरनेटकडे उघडू नका, तात्पुरताही नाही. उघडी पोर्टं शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात, आणि त्या ड्राइव्हवर तुमचीच नव्हे, गिऱ्हाइकांचीही कागदपत्रं असतात. बाहेरून यायचं ते व्हीपीएननेच, म्हणजे इंटरनेटमधून घरापर्यंत काढलेल्या खासगी, कुलूपबंद वाटेनेच.

राउटरमध्ये व्हीपीएनची सोय असेल तर आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे प्रोव्हायडरने त्याला दिलेला बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग बाहेरून तुमच्या राउटरला हाक मारता येत नाही, कितीही सेटिंग करा. प्रोव्हायडरकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या किंवा टेलस्केलसारखं ॲप दोन्ही कॉम्प्युटरवर टाका. त्यात दोघंही आतून बाहेर जोडले जातात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. आम्ही टेलस्केलच वापरतो. त्याने दिलेला पत्ताही १००ने सुरू होतो, तो राउटरच्या वॅन आयपीशी मिसळू नका.

राउटरचा व्हीपीएन जोडला जातो, तरीही ड्राइव्ह नाही? दोन ठिकाणं बघा. एक, दोन्ही घरांचे पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर भाच्याचा लॅपटॉप डेस्कटॉपला स्वतःच्याच घरात शोधत बसतो. तुमच्या राउटरवर तिसरा आकडा बदलून ५७ वगैरे करा. दोन, विंडोज फायरवॉलमधल्या ‘एसएमबी-इन’ नियमाचा स्कोप, म्हणजे कोणत्या पत्त्यांना आत घ्यायचं ती यादी, प्रायव्हेट नेटवर्कसाठी ‘लोकल सबनेट’ (फक्त घरच्याच नेटवर्कचे पत्ते) असतो. व्हीपीएनवरून येणारा वेगळ्या सबनेटमधला ठरतो आणि बाहेरच अडतो. त्या स्कोपमध्ये तुमच्या व्हीपीएनची पत्त्यांची रेंज घाला. ‘एनी’ (कुठलाही पत्ता) करू नका.

उघडला पण फार हळू चालतोय, तर घरच्या कनेक्शनचा अपलोड स्पीड तपासा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा डाउनलोडचा. तरीही शेअर्ड ड्राइव्हवरची मोठी फाइल व्हीपीएनमधून थेट उघडून काम करणं बरं नाही. मध्येच नेट तुटलं तर सेव्ह होता होता फाइल खराब होऊ शकते. भाचा पानं आधी आपल्या लॅपटॉपवर कॉपी करतो, तिथे दुरुस्त्या करतो आणि नावापुढे तारीख घालून परत टाकतो. जुनी फाइल मी छपाई होईपर्यंत पुसत नाही.