कला-वाणिज्यच्या मुलांना विज्ञान शिकवताय? या चुका टाळा

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांत कला-वाणिज्यची मुलं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय म्हणून विज्ञानाचा पेपर घेऊ लागली. ती रमतात की मागच्या बाकावर मोबाईल काढतात, हे बरंचसं आपल्यावर असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बीएस्सीचाच अभ्यासक्रम कापून पुढे करणं. पहिल्याच तासाला पीएचची (आम्लता मोजायच्या आकड्याची) व्याख्या आणि लॉगॅरिदम आला की दहावीनंतर विज्ञान सोडलेली मुलं मिटून जातात. त्याऐवजी हळद आणा. पांढऱ्या कागदावर ओली हळद फासा, सुकू द्या. साबणाचं पाणी टाकण्याआधी काय होईल, हे प्रत्येकाकडून लिहून घ्या. डाग लाल होतो. वर लिंबू पिळलं की परत पिवळा. "मॅडम, शर्टावरचा वरणाचा डाग धुताना असाच लाल होतो!" असं कुणीतरी म्हणतंच. हळदीत चुना घालून कुंकू करतात, हेही त्यांच्यातूनच येतं. लिंबू आम्ल, साबण अल्कली, हे शब्द आता द्या. आधी अंदाज घेतला नाहीत तर नुसती जादू होते.

"यांना गणित झेपणार नाही" म्हणून आकडे गाळणं हा तर मला मुलांचा अपमान वाटतो. ताळेबंद जुळवणाऱ्यांना टक्केवारी येते. फळ्यावर मांडा: १००० माणसं, त्यांत १० आजारी. चाचणी शंभरात ९० वेळा बरोबर निघते, आजारी असो वा निरोगी. पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. मग मोजायला लावा. दहापैकी ९ आजारी सापडतात, पण ९९० निरोग्यांतले ९९ जणही पॉझिटिव्ह येतात. म्हणजे १०८ जणांत खरे आजारी ९, बारात एक! इथे उठणारा गलका थांबवू नका. शेजाऱ्याशी भांडू द्या, उत्तर पाच मिनिटं उशिरा सांगा.

वर्ग गप्पच बसत असेल तर आपला प्रश्न तपासा. बहुधा तो व्याख्येचा असतो. 'किलोवॅट-तास म्हणजे काय?' याऐवजी घरचं वीजबिल आणायला सांगा आणि विचारा, २००० वॅटचा गीझर किती वेळ चालला की एक युनिट पडतं? एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, १००० वॅट तासभर; मग अर्धा तास, हे मुलं स्वतः काढतात.

आणि परीक्षेत पुन्हा 'टिपा लिहा' नको. पुढच्या बॅचला ते सिनियरकडून कळतं आणि सगळी गाइडकडे वळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा आरोग्याचा एखादा दावा छापून द्या आणि विचारा: हे पटायला तुम्हाला आणखी कोणती माहिती लागेल?