साखरपुड्याच्या अंगठीचा विमा घेताना

अंगठी कपाटात नाही, बोटात राहते. म्हणून घराच्या विम्यावर विसंबू नका. २०२१पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घेता येतं, पण मूळ पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. चोरीची भरपाई मिळते तीसुद्धा अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत, त्या गोंधळात झालेल्या चोरीचीच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं, आणि लोकलच्या गर्दीत किंवा लग्नाच्या हॉलवर अंगठी गेली तर तेही पुरत नाही. तुम्हाला हवं ते ‘ऑल रिस्क’ कव्हर, घराबाहेरही लागू होणारं.

सही करण्याआधी एकच प्रश्न नीट विचारा: अंगठी कुठे, कशी गेली हे सांगता आलं नाही तर पैसे मिळतील का? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असतं. नुसता खडा निखळून पडला तर काय, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सराफाने बिलासोबत वर्षभराचा मोफत विमा दिला असेल तर त्याच्या अटी आजच वाचा.

बिल, हिऱ्याचं प्रमाणपत्र, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि अंगठीचे जवळून काढलेले फोटो मोबाइलमध्ये आणि ईमेलवरही ठेवा. सोन्याचा भाव चढतोय, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी नवं मूल्यांकन करून विम्याची रक्कम वाढवून घ्या. जुन्या बिलाच्या रकमेत आज तशी अंगठी घडवून मिळणार नाही.