घोड्यामागे स्कीइंग: या चुका टाळा

लहानपणी गोव्यात मोरजीला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना मी एकदा दोर मनगटाला गुंडाळला होता. शेजारच्या काकांनी आधी माझा हात सोडवला आणि मग मला झापलं. पुढे स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात हॉटेलात हंगामी कामाला होतो, तिथे घोड्यामागे स्कीवर उभं राहायची संधी मिळाली तेव्हा पहिल्यांदा आठवले ते हेच काका. मनाली-औलीला स्कीइंग शिकून आलेली आपली गोव्याची पोरं आता मला स्कीजोरिंगबद्दल, म्हणजे घोडा किंवा कुत्रे पुढे ओढतात त्या स्कीइंगबद्दल, विचारतात. त्यांना मी दोरीपासूनच सांगतो.

दोरी हाताला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची नाही. कुत्र्यांमागच्या स्कीजोरिंगमध्ये कमरेला पट्टा असतो आणि ते व्हिडिओ बघून घोटाळा होतो. त्या पट्ट्याला झटक्यात सुटणारी कडी असते. शिवाय कुत्रा आणि पाचशे किलोचा घोडा यांची ओढ एक नाही. पडलात की मूठ आपोआप उघडली पाहिजे. ही सवय घरच्या अंगणातही लागते: भावाला दोरी ओढायला सांगा, त्याने हाक मारली की सोडून द्या. घट्ट धरायला कुणाला शिकवावं लागत नाही, सोडायला मात्र लागतं.

दुसरी चूक म्हणजे दोन प्रकार एकच समजणं. एंगाडिनमधल्या सेंट मॉरिट्झच्या गोठलेल्या तळ्यावर घोड्यावर स्वार नसतो, लांब लगाम स्कीवाल्याच्याच हातात असतात. १९२८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून झाला तो हाच प्रकार. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावात १९४९ पासून भर रस्त्यावर बर्फ पसरून शर्यत होते. तिथे घोड्यावर स्वार असतो आणि मागचा माणूस दोरी धरून उड्या घेतो. नवशिक्याने स्वार असलेल्या घोड्यामागेच सुरुवात करावी. लगाम आणि तोल दोन्ही एकदम सांभाळणं पहिल्या दिवसाचं काम नव्हे.

आता सगळ्यांना छळणारी अडचण: दोरी सैल पडते आणि मग हिसका बसतो. वळणावर तुम्ही आतल्या बाजूला गेलात, किंवा घोड्याने वेग कमी केला आणि तुम्ही घसरतच राहिलात, की दोरी लोंबते. घोडा पुन्हा उसळला की सगळा धक्का खांद्यात येतो. माझा उजवा खांदा यानेच आठवडाभर दुखत होता. कोपरं ताठ ठेवली होती, दुसरं काही नाही. कोपरं वाकवून हात छातीपुढे ठेवा, गुडघे मऊ, पार्श्वभाग थोडा मागे. दोरी लोंबली की स्कीची टोकं जवळ आणून थोडा ब्रेक लावा. ती पुन्हा ताणायला लागली की हात हळूहळू लांब होऊ द्या, म्हणजे हिसका हातातच जिरतो. सुरुवातही उभ्या जागेवरून दौडीने नको. आधी घोडा चालू दे, दोरी ताणली जाऊ दे, मग पुढचं.

लोंबलेली दोरी घोड्याच्या मागच्या पायांना लागली तर तो लाथ मारतो, त्यात त्याचा दोष नाही. मागे घासणाऱ्या स्कीचा खरखर आवाज त्याला अनोळखी असतो. त्या आवाजाची सवय झालेला घोडाच मागा, विचारायला लाजू नका. त्याच्याजवळ जाताना मागून नाही, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. गॉगल आणि हेल्मेट हवंच, कारण टापांखालून उडणारे बर्फाचे गोळे थेट तोंडावर येतात. हातमोजे तळव्याला चामडं असलेले घ्या.

गोठलेल्या तळ्यावर आखून दिलेली वाट सोडू नका. २०१७ साली सेंट मॉरिट्झला बर्फ खचून घोडे पडले, एक जॉकी जबर जखमी झाला, एक घोडा गेला आणि उरलेल्या शर्यती रद्द झाल्या.

आपल्या किनाऱ्यावर घोड्यामागे फळी बांधून सराव करायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडा. वाळूवर स्की घसरत नाही, अडकते, आणि आपल्या उन्हात घोड्याचे हाल होतात. त्यापेक्षा बोटीमागे पाण्यावरचं स्कीइंग शिका. वाकलेली कोपरं, मऊ गुडघे आणि पडताच सुटणारी मूठ तिथेही तशीच लागते.

आणि तिकडे पोहोचलात की स्की पायात घालण्याआधी घोडेवाल्याला खूर उचलून दाखवायला सांगा. नालेला बर्फावर धरणारे खिळे आहेत का आणि खुरात बर्फाचा गोळा साचलाय का, ते बघा. साचला असेल तर तो निघेपर्यंत थांबा.